मोटा टायर आणि मोठी माय

मला चार भाषा येतात, आणि गेल्या श्रावणात आमच्या घरी जे झालं ते त्यामुळेच झालं.

घरात अहिराणी, शाळेत मराठी, धंद्यात गुजराती आणि बाकी सगळीकडे हिंदी. सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाला यात काही विशेष वाटत नाही. आमच्या बमरोलीत भाजीवालीसुद्धा चार भाषांत घासाघीस करते. मी मात्र त्याचा फार तोरा मिरवायचो. बायकोचा, म्हणजे वैशालीचा, एखादा गुजराती शब्द चुकला की मी लगेच मान वर करून म्हणायचो, "अगं, भाषेला अंग लागतं अंग!" (अंग होतंच. डोक्याचं काय ते पुढे येईल.)

माझा धंदा पिकअपचा. लूमच्या कारखान्यातून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि मिलमध्ये नेऊन उतरवायचे. गाडी माझीच, ड्रायव्हर मीच, आणि गाडी बंद पडली तर ढकलणाराही मीच. आदल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी रस्त्यावर आलं आणि माझ्या गाडीच्या पोटात शिरलं. शेजारची रिक्षा पाण्यातून फटफटत निघून गेली, आणि मी मात्र स्टेअरिंग धरून बसलो, जसा काही नावेत बसलोय! त्या दिवशी मी ठरवलं की गाडी उंच करायची. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत जास्तीचे पाटे टाकून घेतले, आणि गाडी अशी काही वर उचलली गेली की गल्लीतली कुत्री खाली सावलीला येऊन बसायला लागली.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण गाडी उंच झाली आणि चाकं राहिली तेवढीच. आखूड पँट घातलेल्या उंच माणसासारखी ती दिसायला लागली. मिलच्या गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "संजूभाई, गाडी मोठी झाली, टायर कधी मोठे होणार?" रोज! माणूस किती दिवस ऐकून घेणार? मी भेस्तानच्या टायरवाल्याला फोन लावला. तो गुजराती, त्याला सगळे मोटाभाई म्हणतात. मीही माझी ठेवणीतली गुजराती बाहेर काढली.

"मोटाभाई, गाडीमां मोटा टायर नाखवाना छे!"

"थई जशे, संजूभाई! गाडी मूकी जाओ. कारीगरने कही दउं छुं."

गाडी सोडून जा म्हणाले, मी सोडून आलो. बघा, किती साधी गोष्ट! गुजरातीत मोटा म्हणजे मोठा. मला मोठे, म्हणजे उंच टायर हवे होते, आणि मोटाभाईंना ते बरोबर समजलं. पण मोटाभाईंचा कारीगर रामसूरत (नावातच सुरत, माणूस बनारसकडचा) हिंदी बोलणारा. मोटाभाईंनी जेवायला जाता जाता त्याला सांगितलं, "संजूभाईकी गाडीमें मोटा टायर डाल दे." आणि हिंदीत मोटा म्हणजे काय? जाडा! रामसूरतने दुकानातले सगळ्यात जाडजूड टायर निवडले, त्यांना शोभतील असे रुंद रिम काढले आणि मनापासून बसवून टाकले.

संध्याकाळी मी गाडी आणायला गेलो तर चाकं मडगार्डच्या बाहेर आली होती. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाने दंड फुगवून उभं राहावं तशी. मी एकदम खूष! घरी आणून दारात उभी केली आणि वैशालीला हाक मारली. तिने पुढून बघितलं, मागून बघितलं, वाकून बघितलं.

"अहो, हे उंच कुठे झालेत? हे तर जाड झालेत."

"तुला टायरमधलं काय कळतं?"

"टायरमधलं नाही कळत. जाड कळतं मला."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. माझी ही सवय जुनी आहे आणि तिचे परिणामही जुनेच आहेत.

आता कानबाईकडे येतो, कारण सगळा जीव तिच्यातच अडकला होता. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, साडीचोळी नेसवायची आणि रविवारी तिला चौरंगावर बसवायचं. रात्रभर गाणी, जागर, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर पोचवायचं. आमच्या भाऊबंदांत कानबाई बसायची ती गावी, धुळ्याकडे, माझ्या मोठ्या मायच्या घरी. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. अंगाने चिपाड, पण आवाज असा की शेतात उभी राहून बोलली तर बांधापलीकडचे बैल थांबतात.

माझी माय लग्न होऊन सुरतेत आली तेव्हापासून तिचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं. दर श्रावणात ती पिशवी भरून गावी जायची, गहू निवडायची, पुरण वाटायची, चुलीपुढे बसून घामाघूम व्हायची. पण सोमवारी कानबाईला उचलून घ्यायचा मान मोठ्या मायचा. माय मागून चालायची. कधी एका शब्दाने बोलली नाही. पण परत आल्यावर दोन दिवस घरात गप्प गप्प असायची, आणि मला ते टोचायचं.

गेल्या वर्षी मोठ्या मायचं घर पाडून नव्याने बांधायला काढलं होतं. घराला छप्परच नाही, मग देवी बसवायची कुठे? फोनाफोनी झाली, आणि माय धीर करून बोलली, "यंदा सुरतले बसाडू का?"

पलीकडून मोठी माय म्हणाली, "सुरतले देवीनं मन लागी का वं?"

तरी हो-ना करता ठरलं. यंदा कानबाई माझ्या मायच्या घरी बसणार आणि सोमवारी तापीवर मायच्या मांडीवरून जाणार! आमच्या घरात नुसती धांदल उडाली. भिंतींना रंग लागला, डबे घासून झाले, माय रात्री झोपेतही पुरणाचं प्रमाण बडबडायला लागली. तिच्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. यंदाचं नीट पार पडलं तर देवी पुन्हाही सुरतेला येईल. बिघडलं तर मोठी माय जन्मभर म्हणेल, सांगितलं नव्हतं का!

शुक्रवारी मोठी माय आली. आल्या आल्या तिने घर बघितलं, चौरंग बघितला, गव्हात बोटं घालून बघितली. कुठेच बोट ठेवायला जागा मिळेना. शेवटी तिने विचारलं, "नदी कितली दूर शे?"

"गाडीनं जाऊ ना," माय म्हणाली. "संजूनी गाडी शे." आणि मोठ्या अभिमानाने ती मोठ्या मायला गाडी दाखवायला बाहेर घेऊन आली.

मी दार उघडलं. सीट आली मायच्या छातीपाशी! मायने एक पाय उचलला. तो हवेतच राहिला. मग दुसरा उचलून बघितला. माझ्या खांद्याला धरलं, दाराला धरलं, वैशालीने मागून आधार दिला. गाडी काही जवळ येईना.

"हाई गाडी शे का माळा शे रे?" मोठी माय म्हणाली.

मायचा चेहरा एवढासा झाला. मांडीवर देवी घेऊन बसायचं तर आधी माणूस वर चढायला हवं ना! मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच पावली गाडी काढली आणि वेल्डरकडे गेलो. शनिवारी दुपारपर्यंत डाव्या दाराखाली लोखंडी पायरी बसवून घेतली. चांगली जाड पट्टी, वरून जाळी, म्हणजे पाय घसरायला नको. डाव्याच बाजूला, कारण उजवीकडून मी चढतो आणि मला कोण पायरी करून देतंय! येताना गाडी अगदी लोण्यासारखी चालली. वेल्डरच्या दुकानापासून आमच्या घरापर्यंत एकही उजवं वळण नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

मायने पायरीवर पाय ठेवला आणि सुर्रकन वर जाऊन बसली. पुन्हा उतरली. पुन्हा चढली. लहान पोरीसारखी हसली! "मना पोऱ्यानी करेल शे," असं तिने गल्लीत जो दिसेल त्याला सांगितलं, आणि संध्याकाळी पायरीला हळदकुंकू लावलं. मोठी मायसुद्धा काही बोलली नाही. मोठी माय बोलली नाही म्हणजे आमच्याकडे ते बक्षीसच समजतात.

रविवारी देवी बसली. काय रूप होतं! सगळं यथासांग झालं, पोळ्या फुगल्या, गाणी झाली, फुगड्या झाल्या. सोमवारी सकाळी माय अंघोळ करून, नवी साडी नेसून तयार. तिचा नियम असा की देवी पाण्यात पोचेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. कानबाईला छातीशी धरून ती पायरीवरून ऐटीत वर चढली आणि देवी मांडीवर घेऊन बसली. दाराशी मोठी माय बसली, मागे डाल्यात, म्हणजे माल भरायच्या उघड्या हौद्यात, वैशाली आणि गल्लीतल्या बायका, त्यांच्यामागे मोटारसायकलींवर गावाकडून आलेले भाऊबंद. आरती झाली, नारळ फुटला. मोठी माय म्हणाली, "ध्यान ठेव संजू, देवी घरबाहेर निंघनी का मांगे फिरत नही. गाडी मांगे लेवानी नही."

"नाही गं मोठी माय, मागे कशाला घेतोय!"

गल्लीच्या तोंडाशी आलो. तापीला जायचं तर इथून उजवीकडे. मी हात दाखवला, हॉर्न वाजवला, स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं आणि…

खर्रर्र. कट्ट!

स्टेअरिंग जागच्या जागी थांबलं. जोर लावला. पुन्हा कट्ट! डावीकडे फिरवून बघितलं तर अगदी मऊ. उजवीकडे, कट्ट! मागे बायकांना वाटलं मिरवणुकीचा थांबा आला, त्यांनी टाळ्या वाजवून गाणं चढवलं.

मी खाली उतरून बघितलं. चाक उजवीकडे वळवलं की डाव्या टायरचा मागचा काठ बाहेर येत होता आणि थेट मायच्या पायरीवर आपटत होता. टायर साधा असता तर आत बसला असता. पण हा होता मोटा! रस्त्याने जरा इकडून तिकडे सरकायला हरकत नव्हती, पण खरं उजवं वळण म्हटलं की पायरी त्याला अडवत होती.

"काय व्हयनं रे?" मायने वरून विचारलं.

"काही नाही माय. जरा… डावीकडून जाऊ."

मी मनात हिशेब केला. तीन वेळा डावीकडे वळलं की एकदा उजवीकडे वळल्यासारखंच होतं! (बघा, संकटात माझं डोकं कसं चालतं.) गल्लीपुढे एक मोठी मिल आहे. तिला डावीकडून वळसा घातला, की फिरून आपोआप हव्या त्या दिशेला तोंड येणार. निघालो. मागून भाऊबंदही निघाले. वळसा पूर्ण होत आला तेव्हा मोठी माय सावध झाली.

"थांब थांब! हाई मिल डाव्या हातले का बरं शे?"

"म्हणजे?"

"प्रदक्षिणा उजव्या हातनी ऱ्हास रे! तू देवीले उलटी फिराडी राहिना!"

"मोठी माय, ही मिल आहे. देऊळ नाही."

"देवीले काय मालूम मिल शे का देऊळ शे?"

तेवढ्यात आम्ही फिरून आमच्याच गल्लीच्या तोंडाशी आलो. मघाशी डोळे पुसत निरोप दिलेले शेजारी तिथेच गप्पा मारत उभे होते. देवी परत आलेली बघून त्यांची धावपळ उडाली. कुणी आरतीचं ताट पुन्हा आणलं, कुणी नारळ शोधायला पळालं. एक आजी हात जोडून म्हणाली, "कानबाई मायना जीव निंघत नही आठून!" मायने कसंबसं हसून पुन्हा निरोप घेतला. मी मान खाली घालून गाडी सरळ काढली, आणि खरंच, आता आम्ही तापीच्या रस्त्याला होतो.

पण सुरतेत चौक कमी आणि सर्कल जास्त. सर्कल म्हणजे काय, तर मधल्या गोलाला उजव्या हाताला धरून उजवीकडे उजवीकडे वळत राहायचं. माझी गाडी प्रत्येक सर्कलला यायची आणि डावीकडच्या पहिल्याच रस्त्याला निमूटपणे निघून जायची. एका सर्कलवर तर ट्रॅफिक पोलिसाने देवी बघितली, चारी बाजूंची वाहतूक थांबवली, टोपी काढून नमस्कार केला आणि आम्हाला उजवीकडे जायला ऐसपैस वाट करून दिली. मी त्याला नमस्कार केला आणि डावीकडे गेलो. आरशात तो बराच वेळ टोपी हातात धरून उभा दिसत होता.

"तुले उजवा हात शे का नही?" मोठी माय ओरडली.

"आहे गं! गाडीला नाही!"

मागच्या बायकांची गाणी संपत आली होती. वैशाली काचेवर टकटक करून विचारायला लागली, "अहो, आपण मुंबईला चाललोय का?" मोटारसायकलवाल्या भाऊबंदांना वाटलं की सुरतेची हीच रीत असेल, गावभर देवी फिरवायची. ते आनंदात होते. मायचे मात्र ओठ सुकले होते. तिने कानबाईला दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं काही कोणी ती काढूनच घेईल. ऊन वर चढत होतं. मध्येच ती हळूच म्हणाली, "संजू, देवीले जानं नही का रे? मनं काही चुकनं का?"

खरं सांगतो, तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. एवढ्या वर्षांनी तिला मान मिळाला आणि माझ्या हौसेपायी तिला वाटतंय की देवी रुसली! "तुझं काही नाही चुकलं माय," मी म्हणालो. "सगळं माझं चुकलंय." यावर मोठ्या मायने पहिल्यांदाच माझ्या बोलण्याला मान डोलावली.

असं डावीकडे, डावीकडे, मग पुन्हा डावीकडे करत आम्ही जिथे पोचलो तिथली पाटी बघून मी ब्रेकच दाबला. तापी एकीकडे, आम्ही दुसरीकडे. आम्ही आलो होतो भेस्तानला, आणि समोर मोटाभाईंचं टायरचं दुकान!

रामसूरतने देवी बघितली, हातातला पाना खाली ठेवला आणि चपला काढून पाया पडायला आला. मी त्याला अर्ध्यातच गाठलं.

"रामसूरत, ये कौनसा टायर लगाया? मैंने मोटा बोला था!"

"मोटा ही तो है, भइया! इससे मोटा पूरे सूरत में नहीं मिलेगा."

"अरे मोटा माने ऊंचा!"

"तो ऊंचा बोलना था न? ऊंचा बोलते तो ऊंचा लगाते. मोटा बोले तो मोटा लगाए."

आतून मोटाभाई आले. "मोटा एटले मोटा!" त्यांनी निकाल दिला. कोणाच्या बाजूने दिला ते कळलं नाही. तिघंही एकच शब्द ओरडत होतो आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर होतो. शेवटी मी हात जोडले.

"भांडण नंतर करू. पहले कुछ करो! मेरी मोठी माय अंदर बैठी है, घाई है!"

रामसूरतने केबिनमध्ये डोकावून बघितलं. मोठी माय चिपाडासारखी ताठ बसून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"मोटी कहां?" तो चकित होऊन म्हणाला. "माताजी तो एकदम दुबली हैं!"

डाल्यातल्या बायका इतक्या हसल्या की गाडी हलायला लागली. मोठ्या मायला हिंदी फारशी येत नाही हे त्या दिवशी आमच्यावर देवीचे उपकारच झाले.

चारी चाकं बदलत बसायचं तर दुपार टळली असती. एकच उपाय होता. रामसूरतने पायरीवर पाना आपटून दाखवला. "ये काट दो, भइया. फिर गाड़ी जिधर बोलो उधर घूमेगी." शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे कापायचं मशीन होतंच.

मी मायकडे बघितलं. तिने मोठ्या मायच्या पुढून मान काढून पायरीकडे बघितलं. जाळीवर तिने लावलेलं हळदकुंकू अजून तसंच होतं.

"पायरी कापशी तं मी उतरसू कशी रे?" ती म्हणाली. "देवीले लिसन?"

देवी हातात घेऊन तिथून खाली उडी मारायची? या वयात? आणि उतरता आलं नाही तर देवी कोणाच्या हातात जाणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पुन्हा मोठ्या मायच्याच. आणि मग माय पुन्हा मागून चालणार.

मोठ्या मायने एकदा पायरीकडे बघितलं, एकदा मायकडे. मग म्हणाली, "काप रे पोऱ्या. आधी नदी तं येऊ दे."

पायरी कापली. ठिणग्या उडाल्या, मायने डोळे मिटून घेतले. पायरी खाली पडली ती मी उचलून डाल्यात ठेवली. रस्त्यावर टाकून द्यायला मन होईना. आणि मग मी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. फिरलं! पूर्ण फिरलं! मागून बायकांनी असा जयजयकार केला की मोटाभाईंच्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. मी वाटेत जेवढी उजवी वळणं मिळतील तेवढी घेतली, काही तर गरज नसताना घेतली. त्या सर्कलवर तोच पोलीस होता. आम्हाला बघून त्याने वाहतूक थांबवली नाही, नुसता बघत राहिला.

तापीवर पोचलो. नदी भरून वाहत होती. "हाई आपलंच पानी शे," माय मोठ्या मायला म्हणाली. "आपला गावथीन येस." मोठ्या मायने पाण्याकडे बघितलं. हे तिच्या कधी मनात आलं नसावं. मी गाडी घाटाशी उजवीकडे वळवून उभी केली, दार उघडलं, आणि आता मायला कसं उतरवायचं म्हणून डोकं खाजवत खाली उभा राहिलो.

मोठी माय टुणकन खाली उडी मारून उतरली. शेतातलं शरीर! तिने दारापाशी बघितलं, खाली बघितलं आणि माझ्या दंडावर चापट मारली.

"हाऊ काय शे?"

उजवीकडे वळवून उभ्या केलेल्या गाडीचा डावा टायर मागच्या बाजूने बाहेर आला होता, बरोबर दाराच्या शेजारी. चांगला ऐसपैस, पाऊल मावेल एवढा रुंद. दिवसभर ज्याने आमचा जीव खाल्ला तोच मोटा टायर पायरीच्या जागी उभा! खाली जमिनीवर वैशालीने पूजेचा पाट ठेवला. उंच पण अरुंद टायर असता तर मायचं पाऊल त्यावर ठरलंच नसतं.

"मी शे ना," मोठी माय म्हणाली आणि मायपुढे खांदा केला. "धर मना खांदा. देवी तूच धर."

मायने एका हाताने कानबाई छातीशी धरली, दुसरा हात मोठ्या मायच्या खांद्यावर ठेवला, एक पाय टायरवर, मग पाटावर, मग जमिनीवर. आणि ती पुढे चालायला लागली. मोठी माय मागून! मी बघत होतो. मायने एकदा मागे वळून बघितलं, मोठ्या मायने "चाल चाल" म्हणून हात हलवला, आणि दोघी पाण्यात उतरल्या. परत आल्यावर मायने पाणी प्यायलं ते मोठ्या मायच्या हातून.

घरी जाताना मोठी माय खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "पुढला साल बी कानबाई आठेच बसाडू." आठेच, म्हणजे इथेच, सुरतेला! मायने पदर डोळ्यांना लावला. मी आनंदाने हॉर्न वाजवला. लगेच मोठी माय माझ्याकडे वळली.

"गाडी उची करी, टायर मोठा करा. आते अक्कल बी मोठी बसाडी ले!"

पुढच्या आठवड्यात टायरची हवा बघायला भेस्तानला गेलो तेव्हा हे मी रामसूरतला हसत हसत सांगितलं. म्हटलं, "मोठी माय बोली, अक्कल भी मोटी लगवा लो." रामसूरत चाकाचा नट आवळता आवळता म्हणाला, "अरे भइया, आपको क्या जरूरत? आपकी अक्ल तो पहले से ही मोटी है!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी मी त्याला चहा पाजला, नाश्ता खाऊ घातला आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की परक्या माणसालासुद्धा माझी किंमत कळते. माय कौतुकाने हसली. वैशाली पोळी लाटता लाटता थांबली.

"अहो," ती म्हणाली, "हिंदीत मोटी अक्कल म्हणजे मठ्ठ."